फिकट फुली

उजमा मणियारला पालीची किळस येत नसे. स्वयंपाकघरात पाल पडली तर ती केरसुणीवर घेऊन गल्लीत सोडून यायची. दारापुढचं गटार तुंबलं तर काठी घेऊन तीच पुढे व्हायची आणि शेजारणी नाकाला पदर लावून उभ्या राहायच्या. पण नव्या मिक्सरबरोबर आलेली माहितीपुस्तिका हातात पडली आणि तिच्यातला बाण कुठल्याच बटणापर्यंत न पोचता हवेत थांबलेला दिसला, की उजमाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना सुरकुत्या पडत. वरचा ओठ वर ओढला जाई. ती पुस्तिका दोन बोटांच्या चिमटीत धरून, कुणाचं उष्टं उचलावं तशी, लांब नेऊन ठेवी.

"इसको तो कागज की भी घिन आती है," तिची अम्मी माजिदाबी आल्यागेल्याला सांगायची. "लडकेवाले आए थे, तब भी यही मुंह बनाके बैठी थी. वो समझे उनकू देख के बना रही."

खरी गोष्ट अशी होती, की ते लोक मुलाचा फोटो घेऊन आले होते आणि फोटोत मुलाच्या मागे स्टुडिओतला खोटा धबधबा होता. उजमाचा राग मुलावर नव्हता, धबधब्यावर होता. पण हे समजावून कुणाला सांगणार? त्यानंतर स्थळं आली, गेली. अब्बा वारले. नाशिकला चौक मंडईच्या मागच्या गल्लीत मायलेकी दोघीच उरल्या आणि उजमाने चाळिशी कधी ओलांडली ते दोघींनाही कळलं नाही.

अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं. शाळा सुटली की ती दुकानाच्या फळीवर बसून बायकांचे हात बघायची. अब्बा हात हातात घेत, अंगठा आत दुमडत, बोटांची मुळं हलकेच दाबत. बांगडी हाडावरून कधी सरकली ते त्या बाईलाही समजत नसे. मेंदीचे हात, भांडी घासून खरबरीत झालेले हात, म्हातारीचे थरथरते हात. उजमाला हात कळले ते तिथे. पुढे सातपूरला आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स करून ती सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत, पाठीवरचे फवारणी पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात लागली. पंपाबरोबर द्यायच्या पुस्तिकेतली चित्रं काढायचं काम तिच्याकडे आपसूकच आलं, कारण बाकीचे ड्राफ्ट्समन पंप सुरेख काढत, पण पंप धरणारा हात काढायची वेळ आली की बोटांची वांगी होत. उजमाने काढलेला हात पाहिला की बघणाऱ्याचीच बोटं वळवळत.

तिचे काही हट्ट होते. जो भाग कामाचा नाही तो ती काढायचीच नाही. झाड नाही, ढग नाही, हसरा शेतकरी नाही. पंप पाठीवर कसा चढवायचा हे काढण्याआधी ती पाण्याने भरलेला पंप स्वतः पाठीवर घेऊन कारखान्याच्या आवारात फेऱ्या मारून आली होती. "मॅडम, आमच्या गुलाबांवर पण मारा थोडं," वॉचमन म्हणाला होता. चित्रातला हात वापरणाऱ्याच्या बाजूनेच यायला हवा, असं ती म्हणे. समोरून आलेला हात दाखवला की माणूस झाकणाचा आटा उलटा फिरवतो. दुसऱ्या कंपन्यांच्या पुस्तिका ती मुद्दाम मिळवून चाळायची आणि चाळल्यावर तिला जेवण जायचं नाही. पंपाला रेलून उभी असलेली नटवी बाई. झडप म्हणून छापलेला डांबराचा गोळा. चित्र पुढे, त्याची माहिती पार मागच्या पानावर, जाहिरातीच्या खाली.

"हे लोक वाचणाऱ्याला माणूस समजत नाहीत," ती म्हणायची. "ताटात कचरा वाढतात आणि वर खोबरं भुरभुरवतात. शी!"

या स्वभावाचा एक तोटा झाला. तिला किळस इतक्या गोष्टींची यायची, की कारखान्यात ती कुणी मनावर घेईना.

मग जाहिरातीचं काम बघायला प्रफुल्ल आला. नाशिकरोडकडच्या एका कॉलनीतला, हसरा, डबा वाटून खाणारा मुलगा. तो हाताने चित्रं काढत नसे. काय हवं ते संगणकाला सांगे आणि संगणक हवा तसा माणूस, हवं तसं शेत, हवं तसं ऊन बनवून देई. कारखान्याचे मालक धनराजशेठ तरुण आणि हौशी. त्यांनी नवी रंगीत पुस्तिका करायचं ठरवलं आणि ते काम दोघांवर मिळून सोपवलं.

"उजमा मॅडम, हे तुमचं नोझल साफ करायचं चित्र," प्रफुल्ल म्हणाला. "एक वाटी, एक ब्रश, दोन हात. भांड्यांच्या पावडरची जाहिरात वाटते हो."

"वाटू दे. बघणारा ब्रशने घासेल ना?"

"आधी बघेल तर! आजकाल माणूस लागतो चित्रात. आणि काय करू नये तेही दाखवायचं. थांबा, दाखवतो."

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. तिशीतला एक गोरापान तरुण, कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी. मान किंचित डावीकडे वळवून, पंपाच्या टोकाचं नोझल ओठांना लावून, बासरी वाजवावी तसा तो गाल फुगवून फुंकत होता. डोळे हसत होते. मागे सोनेरी उन्हात हिरवंगार रान. आणि या सगळ्यावर एक आडवी-तिडवी फुली होती, पातळ पिठल्याच्या रंगाची, खालचा चेहरा नीट दिसावा इतकी झिरझिरीत.

उजमाचा ओठ वर गेला. "शी! काय आहे हे?"

"नोझल तोंडाने फुंकू नये."

"मग त्याला फुंकायला कशाला लावलंस? आणि किती खुशीत फुंकतोय मेला!"

"फुली आहे ना वर."

"ही फुली? आमटीचा डाग वाटतोय. जाड कर, काळी कर, नाहीतर चित्रच काढून टाक. विषाला ओठ लावलेला माणूस मला बघवत नाही."

"काळी केली की चेहरा झाकला जातो, मॅडम. मग चित्राला काय उरलं?"

भांडण धनराजशेठपर्यंत गेलं. ते म्हणाले, "उजमाताई, तुम्हाला गेल्या वेळी आपल्या दिवाळीच्या शुभेच्छापत्राचीही किळस आली होती."

"त्यात पणतीच्या ज्योतीवर पंप ठेवला होता, शेठ."

सगळे हसले. पुस्तिका छापली गेली. फुंकणारा माणूस मधल्या पानावर, पानभर. वाटी आणि ब्रश शेवटच्या पानावर, नखाएवढे.

नवी पुस्तिका बाजारात गेली की दीड-दोन महिन्यांनी उजमा ती कुठे पोचली ते बघायला जाई. कुणी सांगितलेलं नसे, तिचीच सवय होती. रविवारी ती एसटीने चांदवडला उतरली आणि खतं-औषधं विकणाऱ्या कुंदनशेठच्या दुकानात शिरली. गल्ल्याशेजारी कागदांची एक चळत होती, वर वजन म्हणून नोझलचं खोकं.

"पुस्तिका संपल्या, मॅडम," कुंदनशेठ म्हणाले. "पण लोक मागतात. मग कामाचं पान तेवढं झेरॉक्स करून देतो. एवढंच एक मोठं चित्र आहे बघा त्यात, लांबूनही समजतं."

उजमाने वरचा कागद उचलला. रान राखाडी झालं होतं, शर्ट पांढराफटक. चेहरा, ओठ आणि नोझल तेवढे काळ्या-पांढऱ्यात स्वच्छ उठून आले होते. फुली नव्हती. तिने कागद उजेडाकडे धरला, तिरका केला. फुली कुठेच नव्हती. खालच्या बारीक ओळींना मुंग्या लागल्यासारखं झालं होतं.

या वेळी तिचा ओठ वर गेला नाही. तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

दुसऱ्या दिवशी तिने तो कागद धनराजशेठच्या टेबलावर ठेवला.

"अहो, लोक इतके खुळे नसतात," ते म्हणाले. "औषध कोण तोंडात घेईल? आणि पुस्तिका संपल्याच आहेत. आता तर हे चित्र स्टिकर करून प्रत्येक पंपाच्या टाकीवरच लावतोय आपण, रंगीत. झेरॉक्सचा प्रश्नच मिटला."

"टाकीवर?"

"पुढच्या आठवड्यात फाइल जाईल छापायला."

उजमा बाहेर आली आणि तडक प्रफुल्लच्या टेबलाकडे निघाली. कागद फाटतो, हरवतो. टाकीवरचं स्टिकर पंप मोडेपर्यंत तिथेच राहतं, आणि जो पंप उचलेल त्याला तेच शिकवत राहतं.

प्रफुल्ल ओशाळला होता, पण हटला नव्हता. "रंगीत आहे ना, मॅडम. फुली दिसेल."

"रोज उन्हात राहणार ते. ऊन आधी काय खातं? फिकट रंग. गडद उरतो. म्हणजे काय उरेल सांग."

त्याने पडद्यावरची फुली मोठी करून पाहिली.

"रविवारी काय करतोस?"

"क्रिकेट."

"हा रविवार माझ्याबरोबर चांदवडला ये. मी चुकले असेन तर तुझा तो फुंकणारा फ्रेम करून घरात लावीन."

"तुमची अम्मी लावू देईल?"

"ती तर खूश होईल. म्हणेल, दामाद का फोटो है क्या?"

प्रफुल्ल हसला आणि हो म्हणाला.

कारखान्याच्या दुरुस्तीच्या गाडीतून दोघं निघाली. कुंदनशेठने सांगितलं, गावाच्या अलीकडे सावळीरामचं रान आहे, पंप दीड महिन्यापूर्वी नेलाय, माणूस व्यवस्थित आहे. हमरस्ता सोडून गाडी कांद्याच्या वाफ्यांमधून गेली. सावळीराम झापाजवळ, रानातल्या आपल्या खोपटाजवळ, पंप पुढ्यात घेऊन बसला होता आणि त्याची बायको लताबाई वाफ्यातलं गवत काढत होती.

"जय भीम," झापावरचा निळा झेंडा बघून प्रफुल्लने हात जोडले.

"जय भीम, जय भीम! कंपनीची मान्सं? आगं ए, पानी आन!" सावळीराम खुलला. "लय झ्याक पंप हाय बरं का. आन् चिठ्ठी बी नीट. पयल्या पंपासंगं कायबी नव्हतं, आपलं आपन बघा."

चिठ्ठी, म्हणजे कुंदनशेठचं तेच झेरॉक्स पान, झापाच्या पत्र्याच्या दारावर होती. भिजू नये म्हणून तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी ताणून बसवली होती. गाल फुगवलेला तरुण पिशवीआडून हसत होता.

काय विचारायचं ते प्रफुल्लनेच विचारावं, असं उजमाने वाटेतच सांगून ठेवलं होतं. त्याने विचारलं, "दादा, नोझल तुंबलं तर काय करता?"

"आत्ताच तुंबलंय बघा. पयले आमी बाभळीचा काटा घालायचो. पन काट्यानं भोक मोठं व्हतं, फवारा बसत नाय, नुसती धार लागती. आता कंपनीवानी करतो."

बोलता बोलता त्याने नोझल काढलं, दाराकडे एकदा नजर टाकली, टोपी मागे सारली. मान किंचित डावीकडे वळवली. कुणी काही म्हणायच्या आत नोझल ओठांत धरलं आणि गाल भरून फुंकलं.

फट्‌ आवाज झाला. दुधासारखा पांढरा थेंब फुटून त्याच्या मिशीवर उडाला, ओठावरून ओघळत हनुवटीला आला. औषधाचा तो गोडसर, रॉकेलमध्ये लसूण कुजल्यासारखा वास तिघांच्याही नाकात शिरला. सावळीरामने पालथ्या हाताने तोंड पुसलं, बाजूला थुंकला, आणि मोकळं झालेलं भोक उजेडात धरून पाहुण्यांकडे बघत हसला. अगदी चित्रातल्यासारखा.

उजमाने झेप घेऊन नोझल त्याच्या हातातून उडवलं.

"थुंका! आधी थुंका सगळं! गिळू नका! लताबाई, पाणी आणा, साबण आणा, लवकर!"

"अवं, काय झालं?"

"चूळ भरा म्हणते ना!"

प्रफुल्ल जागचा हलला नाही. "पण... फुली," तो म्हणाला.

"कसली फुली?" लताबाईने विचारलं.

तो वळला, बांधापर्यंत गेला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकला. हमरस्त्यावर खाल्लेली मिसळ बांधावर पडली.

"या बया! औषध तोंडात कुनाच्या गेलं, आन् ओकतंय कोन!" लताबाई म्हणाली. पण बोलता बोलता तिने हातातला तांब्या नवऱ्याच्या तोंडाला लावला. उजमाने दोनच वाक्यांत काय झालं ते सांगितलं, तशी ती दाराकडे बघू लागली. "म्हयना झाला, भाकर कडू लागती म्हनतोय. ओठ सोलून निघालेत. डॉक्टर म्हनले, तंबाखू सोडा. म्या डबी उकिरड्यात फेकली, तवापास्नं आमचं भांडान. आन् हितं हे व्हय!"

ती धावत गेली आणि दारावरची पिशवी ओरबाडू लागली.

"आगं, कंपनीचं हाय ते!" सावळीराम तोंडातली चूळ सांभाळत ओरडला.

"घाल तुझी कंपनी चुलीत!"

औषधाची बाटली बरोबर घेऊन त्याला गाडीतून चांदवडला दवाखान्यात नेलं. या वेळी डॉक्टरांना तंबाखूचं नाव कुणी घेऊ दिलं नाही. उजमाने बाटली आणि नोझल दोन्ही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बाटलीवरचं वाचलं, सावळीरामला ठेवून घेतलं आणि म्हणाले, आज आणलंत ते बरं झालं, हे थोडं थोडं करूनच आत साचतं.

बाहेरच्या बाकावर प्रफुल्ल रुमाल तोंडाला धरून बसला होता. कितीदा तोंड धुतलं तरी त्याला तो वास येत होता.

"तो तसाच हसला, मॅडम," तो म्हणाला. "मी संगणकाला सांगितलं होतं, चेहरा आनंदी ठेव म्हणून. तो तसाच हसला."

उजमाने पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. थोड्या वेळाने त्याने धनराजशेठना फोन लावला.

"शेठ, स्टिकरची फाइल मी पाठवणार नाही... नाही, फुली लाल करूनही नाही. तो माणूसच काढून टाकतोय मी... हो, उजमा मॅडमना किळस आली आहे. मलाही आली. तुम्ही इथे असता तर तुम्हालाही आली असती." मग त्याने काय घडलं ते सांगितलं. दिवे लागायच्या सुमारास धनराजशेठ स्वतः दवाखान्यात आले. सावळीरामच्या सोललेल्या ओठांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि नंतर त्यांना त्या ओठांकडे बघवेना.

कुंदनशेठने उरलेली चळत जाळली आणि आठवतील तेवढ्या गिऱ्हाइकांना फोन केले. पण सगळे कुठून आठवणार? कुठल्या तरी पत्र्याच्या दारावर तो गोरापान तरुण अजूनही गाल फुगवून उभा असेल, हे मनात आलं की उजमा घास खाली ठेवायची. अम्मी ओरडायची, "अब क्या दिखा थाली में?" ताटात काही नसे.

ओठ भरून आल्यावर सावळीराम लताबाईला घेऊन कारखान्यात आला. स्टिकरसाठी नवं चित्र काढायचं होतं आणि उजमाला त्याचेच हात हवे होते. टेबलावर साबणाच्या पाण्याची वाटी, मऊ ब्रश आणि नोझल मांडून ठेवलं होतं. सावळीराम नवा शर्ट घालून, दाढी घोटून, मिशीला वळण देऊन खुर्चीवर बसला.

"मुंडी कुनीकडं वळवू, मॅडम?"

"कुठेही वळवा. चेहरा येणार नाही."

"आँ? मंग दाढी कशापायी केली म्या?"

"माझ्यापायी केली म्हन की," लताबाई म्हणाली. "आठ दिसांनी बरा दिसायला लागलास."

प्रफुल्लने दिवा जवळ ओढला. सावळीरामने रबरी हातमोजे चढवले. बाई माणसानं घातल्यागत वाटतंय म्हणून कुरकुरला, पण त्याने ब्रश धरला आणि नोझल वाटीवर आणलं. उजमा त्याच्या खुर्चीमागे गेली आणि त्याच्या खांद्यावरून बघत रेषा ओढू लागली. वाटीचा काठ आला, ब्रशचे केस आले, नोझल चिमटीत धरणारी बोटं आली.

"मॅडम, जागा हाय बरीच वर," सावळीराम कागदाकडे मान वळवून म्हणाला. "थोडं तोंड तरी..."

"तोंड अजिबात नाही, सावळीरामभाऊ. ब्रश जरा खाली."

त्याने ब्रश खाली केला. उजमाने रेघ हातमोज्याच्या काठापर्यंत आणली आणि मनगटावर थांबवली.